परदेशातल्या अनाथाश्रमातून बाळ दत्तक घ्यायचंय, सुरुवात कुठून करू?

रिकामा_झोपाळा:
नमस्कार, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही दोघं चाळिशीला टेकलो, सात वर्षं ट्रीटमेंट केली, आता पुरे असं दोघांनीही ठरवलंय. ओळखीतले एक गृहस्थ आहेत त्यांनी परदेशातल्या एका अनाथाश्रमातले फोटो पाठवले, त्यातल्या एका बाळावरून माझी नजर हटत नाहीये. ते म्हणतात तिथल्या एक बाई थेट सगळं जमवून देतात, सहा महिन्यांत बाळ घरी, फक्त निम्मे पैसे आधी. आम्हाला शक्यतो अगदी तान्हंच हवंय म्हणजे त्याला आधीचं काही आठवणार नाही आणि आमचंच होऊन जाईल. असं कोणी केलंय का? किती वेळ लागतो? प्लीज मनापासून सांगा, रागावू नका.

कागद_आधी:
रागवत नाही ताई, पण पैसे देऊ नका. एक रुपयासुद्धा नाही. १९९३ चा हेग करार म्हणून एक आंतरराष्ट्रीय करार आहे, परदेशी दत्तक प्रकरणं बऱ्याच देशांत त्यावरच चालतात, आणि तुम्ही सांगताय तो सगळा क्रम त्याच्या बरोब्बर उलटा आहे. आधी फोटो आणि मग कागद असं नसतं. आधी तुम्ही राहता त्या देशात तुमची होम स्टडी होते, म्हणजे घर, पैसा, तब्येत, पोलीस रेकॉर्ड, तुम्हा दोघांचं कसं जमतं सगळं बघतात, तो रिपोर्ट तुमची सेंट्रल ऑथॉरिटी, म्हणजे परदेशी दत्तकाचं काम बघणारं सरकारी कार्यालय, तिकडच्या ऑथॉरिटीला पाठवते, मग तिकडचे लोक त्या मुलासाठी घर शोधतात. तुमच्यासाठी मूल शोधत नाहीत, हा फरक नीट लक्षात घ्या. दोन्हीकडून होकार आला की मगच पुढे कोर्ट, व्हिसा वगैरे. आणि नियम तुमच्या पासपोर्टवर ठरत नाहीत, तुम्ही कायमचं कुठे राहता त्यावर ठरतात, इथे पुष्कळ लोक फसतात.

त्या बाईंचं म्हणाल तर करारातच आहे की हे सगळं मार्गी लागेपर्यंत तुम्ही मुलाच्या आईबापाशी किंवा मुलाला सांभाळणाऱ्यांशी संपर्कच करायचा नाही (नात्यातलं दत्तक असेल तर गोष्ट वेगळी). आईची संमती बाळ जन्मल्यानंतरच घेतलेली चालते आणि ती पैसे देऊन मिळवलेली नसावी. हे नियम उगाच नाही आले. ग्वाटेमालातून २००६-०७ च्या सुमारास वर्षाला चार हजारांहून जास्त मुलं एकट्या अमेरिकेत जात होती, मधले लोक भरपूर कमवत होते, विकत घेतलेली आणि पळवलेली बाळंही त्यात निघाली, शेवटी तो मार्गच बंद करावा लागला.

उगाच_एक:
वरच्याला अनुमोदन. शिवाय तो देश अजून मुलं परदेशी पाठवतो का तेच आधी बघा. इथिओपियाने २०१८ ला बंद केलं, चीनने २०२४ ला (जवळचे नातेवाईक आणि सावत्र मुलं सोडून). आणि तान्हं बाळ विसरा. आधी त्याच्याच देशात घर शोधायचं असा नियम आहे, त्यात आणि कागदांत वेळ जातोच, म्हणून बाहेर येतात ती बहुतेक जरा मोठी मुलं, भावंडं, नाहीतर काही आजार असलेली.

दुसरी_बेल:
आमची लेक सव्वादोन वर्षांची असताना आली, तिकडच्याच संस्थेतून, रीतसर. पहिले तीन महिने आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगत होतो की काय गुणी पोर आहे, रात्री उठली तरी रडत नाही, पाळण्यात डोळे उघडे ठेवून गप्प पडून असते. डॉक्टरीण बाईंनी शांतपणे विचारलं, रडल्यावर आजवर कोण आलंय तिच्याकडे? मी घरी येऊन बाथरूममध्ये जाऊन रडले. कुणाच्याही कडेवर जायची ती, अगदी डिलिव्हरीवाल्याच्यासुद्धा, आम्हाला वाटायचं मनमिळाऊ आहे. मग पाहुणे बंद केले, भरवणं आंघोळ झोपवणं फक्त आम्ही दोघांनीच, कित्येक महिने, सासूबाई रुसल्या तरी. एके रात्री ती जोरात किंचाळून रडली, मी धावत गेले आणि नवरा दारात उभा राहून वेड्यासारखा हसत होता, अगं बोलावतेय ती आपल्याला!

सांगायचं काय तर आठवणार नाही यावर विसंबू नका. रोमानियात बुखारेस्टमध्ये १३६ मुलांचा मोठा अभ्यास झालाय, संस्थेतली काही मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून सांभाळ करणाऱ्या (फॉस्टर) कुटुंबांत दिली, त्यात दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांची माणसांशी नाळ जास्त चांगली जुळली. त्याचा अर्थ मोठ्या मुलाचं जुळतच नाही असा नाही हां, आमचं जुळलं, वेळ लागला. मेडिकल फाईल मिळाली की अशी मुलं पाहिलेल्या बालरोगतज्ज्ञालाच दाखवा, डोक्याचा घेर महिन्यामहिन्याने कसा वाढला ते विचारा, आणि घरी आल्यावर कावीळ बी, टीबी, लसी सगळं पुन्हा तपासा. तिकडच्या आकड्यांवर भरवसा नको.

फाईल_नंबर:
मी दुसऱ्या बाजूची आहे. स्वतः अशीच दत्तक आलेली, आता दोन मुलांची आई. अनाथाश्रमातलं प्रत्येक मूल अनाथ नसतं, बऱ्याच जणांचे आई किंवा बाप जिवंत असतात, गरिबीने ठेवलेलं असतं. माझ्या कागदावर पालक अज्ञात लिहिलंय आणि त्याच फाईलच्या मागच्या पानावर पेन्सिलीने एका बाईचं नाव आहे. वाढदिवससुद्धा अंदाजाने टाकलेला. आईबाबांवर माझा राग नाही, त्यांनी जीव लावला, पण तेव्हा कोणी एक प्रश्न विचारला असता तर! म्हणून तुम्ही गेलात की प्रत्येक पानाचा फोटो काढा, मागच्या बाजूचासुद्धा. अंगावरचे कपडे धुऊन टाकू नका, सांभाळणाऱ्या बायकांचा फोटो घ्या. आणि "आमचंच होऊन जाईल" म्हणालात ना, होईल, पण त्या बाळाचंही काही असू द्या.

रिकामा_झोपाळा:
दोन दिवस लिहायला सुचलं नाही. काल त्या गृहस्थांना फोन करून म्हटलं बाळाच्या आईच्या संमतीचा कागद पाठवा, तर म्हणाले ते तिथे कोण विचारतंय. नंबर ब्लॉक केला. फोटो मात्र अजून डिलीट होत नाहीये माझ्याच्याने. होम स्टडीसाठी अर्ज करतोय, मुलाच्या वयाची अट पाच वर्षांपर्यंत लिहायची असं ह्यांनी सुचवलंय, मी अजून विचार करतेय. एक बावळट प्रश्न, घरात कुत्रा असला तर अडवतात का?

कागद_आधी:
शक्यतो नाही. लसींचं कार्ड काढून ठेवा, आणि होम स्टडीसाठी बाई घरी येतील तेव्हा त्याला बांधून ठेवा.