आइसक्रीमवर घालायचा चॉकलेट सॉस घरी करताना तीनदा बिघडला

सोनटक्का

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी मुलीच्या वाढदिवसानिमित्त आमच्या घरी साधारण तीस माणसे जमणार आहेत आणि व्हॅनिला आइसक्रीमवर घालण्यासाठी चॉकलेट सॉस घरीच करावा, असे मी ठरवले आहे. बाजारातल्या बाटलीतला सॉस मुले आवडीने खातात, पण त्यात गोडीच पुढे असते आणि कोकोची चव मागे राहते, म्हणून हा खटाटोप. गेल्या दहा दिवसांत मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा सॉस वेगवेगळ्या तऱ्हेने बिघडला. नेमके काय केले ते सविस्तर लिहिते, म्हणजे चूक दाखवणे आपल्याला सोपे जाईल.

पहिल्या वेळी २०० ग्रॅम डार्क कंपाउंड चॉकलेटचे तुकडे गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवले. ते छान चकचकीत वितळले होते, परंतु थोडे सैल व्हावे म्हणून दोन चहाचे चमचे दूध घातले आणि बघता बघता त्याचा कोरडा, खरखरीत गोळा झाला. दुसऱ्या वेळी २०० ग्रॅम साखर, १२० मिली पाणी आणि ४ टेबलस्पून कोको एकत्र करून उकळायला ठेवले. मिश्रण पातळच दिसत होते, म्हणून ते वीस मिनिटे आटवले. गरम असताना सॉस उत्तम वाटला, पण दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढला तेव्हा तो रवाळ झाला होता, साखर दाताखाली येत होती आणि कोकोच्या बारीक गुठळ्याही होत्या. तिसऱ्या वेळी तेच कंपाउंड २०० ग्रॅम घेऊन १०० मिली गरम क्रीममध्ये मिसळले. त्या वेळी काहीच फाटले नाही, मात्र फ्रीजमध्ये त्याची वडी झाली.

मला असा सॉस हवा आहे जो दोन दिवस आधी करून ठेवता येईल, थंड असतानाही त्याची धार पडेल आणि आइसक्रीमवर तो गोठणार नाही. माझ्याकडे थर्मामीटर नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पाकसिद्धी

सोनटक्का, तुम्ही मापे लिहिली हे फार बरे केले, कारण तिन्ही प्रसंगांची कारणे त्या मापांतच दिसतात. मी घरगुती केक आणि डेझर्टच्या ऑर्डरी घेते आणि हे तिन्ही प्रकार माझ्या ओट्यावरही घडून गेले आहेत.

आधी पहिला प्रसंग पाहू. चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतेच. साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण स्निग्ध पदार्थात सुटे सुटे तरंगत असतात, आणि वितळलेले चॉकलेट वाहते ते त्या स्निग्धतेमुळे. त्यात दूध किंवा पाणी अगदी थोडे पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा गोळा होतो. ओला चमचा बुडाला किंवा खालच्या पातेल्यातली वाफ आत शिरली, तरी हेच घडते. तेव्हा दोष दुधाचा नसून दुधाच्या कमीपणाचा आहे. १०० ग्रॅम चॉकलेटला निदान तीन टेबलस्पून, म्हणजे ४५ मिली द्रव एकदम पडले, तर सगळे कण भिजून पुन्हा सुटे होतात आणि मिश्रण वाहू लागते. तुम्ही २०० ग्रॅमला जेमतेम १० मिली घातले होते. तो गोळा टाकून दिला नसेल, तर त्यात कडकडीत गरम दूध थोडे थोडे घालून जोराने फेटत राहा; आधी तो आणखी हट्टी वाटेल आणि मग अचानक सैल होईल.

तिसऱ्या प्रसंगात तुम्ही नकळत गनाश, म्हणजे गरम क्रीम आणि चॉकलेटचे दाट मिश्रण केले. क्रीमच्या दुप्पट चॉकलेट हे ट्रफलचे गोळे वळण्याचे प्रमाण आहे. खऱ्या चॉकलेटमधले कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते तोंडात विरघळते आणि फ्रीजमध्ये दगड होते. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरे वनस्पतिजन्य स्निग्ध असते. तेही थंडीत घट्टच होते आणि शिवाय जिभेवर मेणासारखे राहते. वेष्टनावरच्या घटकांमध्ये कोको बटर लिहिले आहे की हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, एवढे पाहिले की फरक कळतो. गरम सॉससाठी १०० ग्रॅम चॉकलेट, १०० मिली क्रीम आणि ६० मिली दूध हे प्रमाण मला आवडते, पण तो सॉस वाढण्याआधी दर वेळी कोमट करावा लागतो. तीस माणसांच्या गडबडीत ते जमणे कठीण.

म्हणून तुमचा दुसरा प्रयत्नच खरा मार्गाला लागलेला होता. कोकोचा सॉस म्हणजे मुळात साखरेचा पाक आहे, आणि पाकाचे सगळे नियम त्याला लागू होतात. सामान्य तापमानाला १०० मिली पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर विरघळून राहू शकते. फ्रीजमध्ये याहून थोडी कमी. तुम्ही १२० मिली पाण्यात २०० ग्रॅम साखर घेतलीत, तोवर सगळे ठीक होते. वीस मिनिटे आटवल्यावर त्यातले पाणी निम्म्याच्या आसपास उरले असेल, आणि एवढ्या पाण्यात न मावणारी साखर थंड होताच बाहेर पडली. गुलाबजामचा पाक जास्त आटला की कडेला साखर बसते, तसेच हे. गरम सॉस पातळ दिसतो, म्हणून आपण आटवत जातो आणि तिथेच फसतो. हा सॉस आपला दाटपणा थंड झाल्यावर दाखवतो.

माझे प्रमाण असे आहे: २५० मिली पाणी, २०० ग्रॅम साखर, ७० ग्रॅम बिनसाखरेचा कोको, पाव चहाचा चमचा मीठ आणि शेवटी एक चहाचा चमचा व्हॅनिला. कोको मापाने न घेता वजन करून घ्यावा, कारण चमच्यात तो कधी भुसभुशीत बसतो तर कधी दाबून. आधी साखर, मीठ आणि चाळलेला कोको कोरडेच नीट कालवा. साखरेचे दाणे कोकोच्या कणांमध्ये शिरले की गुठळ्या होण्याचे कारणच उरत नाही. मग त्यात उकळते पाणी थोडेसे घालून दाटसर लेप करा, तो गुळगुळीत झाल्यावरच उरलेले पाणी घाला. जाड बुडाच्या आणि जरा मोठ्या पातेल्यात ठेवा, कारण कोको उतू जाण्यात दुधालाही मागे टाकतो. उकळी फुटल्यापासून मध्यम आचेवर चार ते पाच मिनिटे, तळापासून सतत ढवळत, एवढेच शिजवायचे. पाक एकतारीपर्यंत न्यायचाच नाही. थंडगार बशीवर एक थेंब टाकून बशी तिरपी केली आणि तो संथपणे ओघळला, की गॅस बंद करावा. व्हॅनिला नंतर घालावे, नाहीतर त्याचा वास वाफेबरोबर निघून जातो. एका प्रमाणाचा साधारण ३५० मिली सॉस होतो. प्रत्येकी दीड टेबलस्पून धरला, तर तीस जणांना दुप्पट प्रमाण पुरेल.

आणखी एक गोष्ट. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, कोकोचा कडूपणा मात्र टिकून राहतो. त्यामुळे सॉसची चव गरम असताना ठरवू नका. चमचाभर सॉस आइसक्रीमवर घालूनच चाखा.

आजोळ

माझी पद्धत थोडी वेगळी आहे. आमच्याकडे पुण्यात चॉकलेट मस्तानी करताना ग्लासच्या आतल्या बाजूला सॉसचे ओघळ दिसावे लागतात, म्हणून मी एक चहाचा चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून सॉसला लावते. पाणी आटवावे लागत नाही, साखर बसत नाही आणि दाटपणा लगेच येतो. ग्लास आधी पंधरा मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवला, तर सॉस खाली उतरत नाही. माझ्या आईने शिकवलेल्या पाकात ती नेहमी लिंबाचे दोन थेंब पिळत असे. तेही येथे चालेल असे वाटते.

पाकसिद्धी

आजोळ ताई, लिंबाचे थेंब अवश्य चालतील. आंबटपणामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि या मिश्रणात स्फटिक सहज जमत नाहीत. त्याऐवजी दुप्पट प्रमाणाला एक टेबलस्पून लिक्विड ग्लुकोज घातले, तर चकाकीही येते. कॉर्नफ्लोअरबद्दल मात्र माझे मत निराळे आहे. कोकोमध्ये मुळातच पिष्ट असते आणि चार मिनिटांच्या उकळीत ते फुलून सॉसला दाटपणा देते. वरून कॉर्नफ्लोअर घातले की फ्रीजमध्ये सॉसला खिरीसारखा, कस्टर्डसारखा पोत येतो, धार तुटक पडते आणि कोकोची चव बोथट होते. लगेच वापरायच्या मस्तानीला ते चालून जाईल, परंतु दोन दिवस ठेवायच्या सॉसमध्ये मी घालणार नाही. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवण्याची युक्ती मात्र मी उचलते आहे.

उत्तरवारा

कोकोच्या प्रकाराबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडी भर घालतो. मी अॅमस्टरडॅमजवळ राहतो. येथल्या झान नदीकाठच्या भागात कोकोचे जुने कारखाने आहेत आणि वारा तिकडून आला, की भाजलेल्या कोकोचा वास येतो. १८२८ मध्ये व्हॅन हौटेन या डच कारखानदार घराण्याच्या कोको दाबून त्यातले स्निग्ध काढण्याच्या पद्धतीला याच देशात पेटंट मिळाले. कोकोला अल्कलीची प्रक्रिया देऊन त्याचा आंबटपणा काढण्याची रीतही त्याच घराण्याने रूढ केली, आणि अशा कोकोला आजही डच कोको म्हणतात.

सॉसमध्ये याचा फरक चांगलाच जाणवतो. साधा, म्हणजे नैसर्गिक कोको फिकट तांबूस असतो आणि त्याला आंबट, काहीशी फळासारखी धार असते. डच कोको गडद, सौम्य आणि पाण्यात लवकर मिसळणारा असतो. भारतातल्या पाकिटावर घटकांमध्ये अॅसिडिटी रेग्युलेटर म्हणून ५०१ हा आकडा दिसला, तर तो अल्कली दिलेला कोको समजावा. बाटलीतल्या सॉसचा काळसर रंग अपेक्षित असेल तर तो घ्या. माझी स्वतःची आवड अर्धा-अर्धा अशी आहे, कारण नुसत्या डच कोकोचा सॉस दिसायला देखणा असला, तरी दुसऱ्या चमच्याला सपाट वाटतो. पाकिटावर ड्रिंकिंग चॉकलेट लिहिले असेल, तर ते मात्र घेऊ नका. त्यात कोकोपेक्षा साखर जास्त असते आणि सगळे प्रमाण कोलमडते. अर्धा चमचा इन्स्टंट कॉफी घालून पाहा. कॉफीची चव लागत नाही, पण कोको खुलतो.

माडबन

आमच्या गोव्यात दोदोल या गोड पदार्थासाठी वापरतात तो माडाचा काळा गूळ मी साखरेच्या जागी घालते. गुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आधीच असल्यामुळे सॉस रवाळ होण्याची भीती कमी असते, आणि त्याची खमंग, किंचित खारट चव कोकोशी फार सुंदर जुळते. गूळ आधी पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात कचरा असतोच. अशा सॉसमध्ये साधे दूध घालण्याच्या फंदात पडू नये, ते फुटण्याचा संभव असतो. मी गॅस बंद करून नारळाचे जाड दूध चार टेबलस्पून मिसळते. ते पुन्हा उकळायचे नाही आणि सॉस तीन दिवसांत संपवायचा.

सोनटक्का

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री पाकसिद्धी यांच्या प्रमाणाने एकपट सॉस केला. कोको नैसर्गिक होता आणि वर अर्धा चमचा कॉफी घातली. कोरडी साखर आणि कोको आधी कालवल्यामुळे एकही गुठळी झाली नाही, याचे मला सर्वांत जास्त नवल वाटले. पाच मिनिटांनी गॅस बंद करताना मन धजावत नव्हते, कारण सॉस अगदी सारासारखा पातळ दिसत होता. आज सकाळी फ्रीजमधून काढला तेव्हा तो चमच्यावर नीट थर धरत होता आणि साखरेचा एकही कण नव्हता. मुलीने आइसक्रीमवर घालून खाल्ला आणि कडू नाही, एवढेच म्हणाली. तिच्या तोंडून ही मोठीच पसंती आहे.

दोन शंका उरल्या आहेत. धार मला किंचित आणखी जाड हवी आहे, त्यासाठी दुप्पट करताना जास्त वेळ उकळू का? आणि गुरुवारी करून ठेवला, तर रविवारपर्यंत नक्की टिकेल ना?

पाकसिद्धी

वेळ वाढवण्याऐवजी कोको वाढवा. दुप्पट प्रमाणात १४० ऐवजी १५५ ग्रॅम घ्या, म्हणजे साखर आणि पाण्याचे नाते बिघडणार नाही. दुप्पट मिश्रणाला उकळी यायला वेळ लागेल, परंतु पुढची चार-पाच मिनिटे उकळी फुटल्यापासूनच मोजायची. रुंद पातेले घेतलेत तर पाणी लवकर उडते, तेव्हा बशीवरच्या थेंबावर लक्ष असू द्या.

टिकण्याचे म्हणाल, तर दूध आणि क्रीम नसलेला हा सॉस फ्रीजमध्ये दोन आठवडे चांगला राहतो. काचेची बाटली उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरडी करा आणि सॉस वाफ जिरल्यावर भरा. गरम असतानाच झाकण लावले, तर झाकणाला जमलेले पाणी वर साचते आणि बुरशीला तिथूनच वाव मिळतो. वाढताना कोरडाच चमचा घाला. रविवारी आइसक्रीम फ्रीझरमधून काढण्याआधी अर्धा तास बाटली बाहेर ठेवा आणि एकदा हलवून घ्या, कारण कोको थोडासा तळाशी बसलेला असेल.