गौशेचा संशय, एन्झाइम कमी, पण एक्झोम निगेटिव्ह: निदान मागे घ्यायचं का?

प्रश्न – बालरोग विभागातील निवासी डॉक्टर
तीन वर्षांचं मूल, गौशे या एन्झाइमच्या कमतरतेमुळे होणाऱ्या आनुवंशिक आजाराचा संशय. प्लीहा बेंबीच्या खाली लागते, यकृतही मोठं. हिमोग्लोबिन ७.८, प्लेटलेट ६० हजार. पांढऱ्या पेशींतलं बीटा-ग्लुकोसिडेज (गौशेत कमी पडणारं एन्झाइम) कंट्रोलच्या, म्हणजे निरोगी सॅम्पलच्या, ८ टक्के. एक्झोमच्या (सगळ्या जीन्सच्या प्रोटीन घडवणाऱ्या भागांच्या वाचनाच्या) रिपोर्टवर मात्र ‘रोगकारक बदल आढळला नाही’. सरासरी डेप्थ १०० एक्स, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी १०० वेळा वाचलेली. आईला पुन्हा दिवस गेलेत, आठवा आठवडा. आता काय करावं?

उत्तर – जीनोम विश्लेषक
निदान मागे घेऊ नका. अडचण मुलात नाही, हे एन्झाइम घडवणाऱ्या जीबीए१ या जीनच्या जागेत आहे. त्याच्यापासून साधारण १६ हजार डीएनए-अक्षरांवर जीबीएपी१ हा स्यूडोजीन (जीनची निकामी नक्कल) आहे, आणि एक्झॉनमध्ये (प्रोटीनची माहिती असलेल्या तुकड्यांत) दोघांचं ९६ टक्के साम्य. एक्झोमचा एकेक रीड (एका वेळी वाचलेला तुकडा) जेमतेम १५० अक्षरांचा. तो दोन्हीकडे सारखाच बसला की मॅपिंग क्वालिटी (रीडच्या जागेची खात्री) शून्य होते आणि व्हेरिअंट (बदल) शोधणारा प्रोग्रॅम त्याला बाजूला टाकतो. १०० एक्स ही अख्ख्या एक्झोमची सरासरी, या जीनबद्दल ती काहीच सांगत नाही.

त्यातून भारतीय रुग्णांत सर्वाधिक सापडणारा बदल म्हणजे ल्यू४८३प्रो (४८३व्या जागी ल्यूसीनऐवजी प्रोलीन), जुन्या नावाने एल४४४पी. स्यूडोजीनमध्ये त्या जागी मुळातच हे अक्षर असतं. त्यामुळे बदललेला रीड बरेचदा स्यूडोजीनवरच जाऊन बसतो आणि खरा जीन निर्दोष दिसतो.

लॅबकडून बॅम फाइल (जागेवर बसवलेल्या रीडची फाइल) मागा आणि आयजीव्ही या रीड दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्झॉन ९ ते ११ उघडा. राखाडीऐवजी पांढरे, पोकळ (मॅपिंग क्वालिटी शून्य असलेले) रीड दिसले तर त्या भागाचं वाचन धरूच नका. पुढची टेस्ट लाँग रेंज पीसीआर (डीएनएच्या लांब तुकड्याच्या प्रती काढणं): प्राइमर (प्रत सुरू करणारे छोटे तुकडे) फक्त खऱ्या जीनवर बसणारे, मग त्या तुकड्याचं सँगर, म्हणजे अक्षरं सलग वाचणारी टेस्ट. फॉर्मवर ‘स्यूडोजीन वगळून’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर पुन्हा तेच होईल.

उत्तर – एन्झाइम लॅब
त्याआधी ते ८ टक्के तपासा. त्याच सॅम्पलमधलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज (तुलनेसाठीचं दुसरं एन्झाइम) नॉर्मल होतं का? दोन्ही कमी असतील तर सॅम्पल वाटेत खराब झालंय, उन्हाळ्यात हे फार होतं. नव्याने पाठवताना ट्यूब बर्फाला थेट टेकू देऊ नका, जेल पॅक आणि ट्यूबमध्ये कागदाची घडी ठेवा. रक्ताचा बर्फ झाला की पेशी फुटतात. शनिवारी काढू नका, रविवारभर पार्सल पडून राहतं. डीएनएसाठी ईडीटीएची जांभळी ट्यूब, हेपॅरिन पीसीआर अडवतं. रक्त चढवलं असेल तर दात्याच्या पेशींमुळे एन्झाइम वाढलेलं दिसू शकतं, कमी नाही. जोडीला लायसो-जीबी१ (या आजारात साठणारा, रक्तात मोजता येणारा स्निग्ध पदार्थ) करा. गौशेत ते चांगलंच वाढलेलं असतं.

प्रश्नकर्ता
गॅलॅक्टोसिडेज नॉर्मल होतं. लाँग रेंजमध्ये ल्यू४८३प्रो होमोझायगस (जीनच्या दोन्ही प्रतींत) आला तर तेवढं पुरेल?

उत्तर – जीनोम विश्लेषक
नाही, आई आणि वडील दोघांचं सँगर हवंच. बदल फक्त आईत सापडला तर वडिलांकडून आलेल्या प्रतीत मोठं डिलीशन (तुकडा गळणं) किंवा स्यूडोजीनशी अदलाबदल असू शकते. त्या प्रतीवर प्राइमर बसतच नाही, आईचीच प्रत वाढते आणि रिपोर्टवर ‘होमोझायगस’ येतं. अशा वेळी एमएलपीए, म्हणजे जीनच्या तुकड्यांच्या प्रती मोजणारी टेस्ट, लागते. ल्यू४८३प्रोसोबत अला४९५प्रो आणि व्हॅल४९९चा मूक (प्रोटीन न बदलणारा) बदल एकाच प्रतीवर दिसला तर तो एकटा बदल नव्हे, स्यूडोजीनचा तुकडाच खऱ्या जीनमध्ये शिरलाय. रिपोर्टमध्ये तसं लिहून घ्या.

गर्भाचं सीव्हीएस (वारेचा छोटा नमुना काढून तपासणी) ११ ते १३ आठवड्यांत होतं, म्हणजे हातात तीन-चार आठवडेच आहेत. मूल, आई, वडील, तिघांचं रक्त आजच एकत्र पाठवा. मुलातले दोन्ही बदल पक्के झाल्याशिवाय गर्भाच्या डीएनएवर ‘नॉर्मल’ असं सांगता येत नाही. तोवर एक बदल सापडायचा राहिलाच, तर सीव्हीएसच्या त्याच ऊतीत एन्झाइम मोजणाऱ्या लॅबशी आत्ताच बोलून ठेवा. दोन्ही टेस्टमध्ये आईच्या पेशी मिसळल्या नाहीत ना, हे एसटीआर मार्करने (माणसागणिक वेगळ्या असणाऱ्या डीएनए-खुणांनी) तपासून घ्या. मिसळल्या असतील तर बाधित गर्भही वाहक वाटू शकतो.