शब्दचर्चा : रीमेकची 'आशा', 'अपेक्षा' की 'आस'?

निळीशाई :
एक लेख लिहितेय आणि दोन शब्दांपाशी अडलेय. विषय आहे 'क्रोनो ट्रिगर' हा जपानी गेम. ११ मार्च १९९५ रोजी तो जपानमध्ये सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावर आला. 'फायनल फँटसी' या गेममालिकेचे हिरोनोबू साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट' या मालिकेचे युजी होरी आणि चित्रकार अकिरा तोरियामा अशी त्रयी या एका गेमसाठी एकत्र आली होती. तीस वर्षं उलटून गेली, तरी जगभरचे चाहते त्याच्या रीमेककडे, म्हणजे तोच गेम नव्यानं घडवला जाण्याकडे, डोळे लावून बसलेत. माझा लेख याच लोकांबद्दल आहे.

उपशीर्षक मी 'चाहत्यांच्या अपेक्षा' असं दिलं होतं. मैत्रिणीनं मसुदा वाचून सांगितलं, 'अपेक्षा' खटकतंय, 'आशा' कर. फरक मलाही जाणवतो, पण तो नेमका कुठे आहे ते सांगता येत नाहीये.

दुसरी अडचण खुद्द 'रीमेक'ची. पोर्ट, रीमास्टर आणि रीमेक हे तीन वेगळे प्रकार लेखात सतत येतात. तिन्हींना 'पुनर्निर्मिती' म्हटलं तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही. मराठीत काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ :
आधी पहिल्या शब्दाचं बघू. 'अपेक्षा'त 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हा धातू आहे. अपेक्षा नेहमी कुणाकडे तरी बघून केली जाते. म्हणूनच आपण 'मुलाकडून अपेक्षा', 'सरकारकडून अपेक्षा' असं म्हणतो. 'कडून' लागलं की समोरच्यावर थोडीफार जबाबदारी आलीच. 'आशा'ला 'कडून' चिकटत नाही. पाऊस पडेल अशी आशा असते. आभाळाकडून कुणी आशा करत नाही.

क्रियापदंही वेगळी आहेत. अपेक्षा ठेवली जाते, पूर्ण होते, तिचा भंग होतो. आशा वाटते, लागून राहते, मावळते, सुटते. 'आस' हे 'आशा'चंच प्राकृतातून आलेलं रूप, पण त्यात ओढ जास्त आहे. आस ठेवत नाहीत, ती लागते. आता तुमच्या लेखातल्या चाहत्यांना कुणी काही कबूल केलंय का, ते सांगा. त्यावर शब्द ठरेल.

पायवाट :
कबूल कुणीच काही केलेलं नाही. मी हा गेम पुनःपुन्हा खेळलेला माणूस आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शब्दवेल्हाळ यांनी सांगितलेला फरक 'क्रोनो ट्रिगर' ज्यांचा आहे त्या स्क्वेअर एनिक्स कंपनीच्याच दोन गेमांवर ताडून बघता येतो. 'फायनल फँटसी ७' हा मूळ गेम १९९७ चा. व्हिडिओ गेमांच्या २००५ च्या ई३ प्रदर्शनात प्लेस्टेशन ३ ची ताकद दाखवण्यासाठी त्याच्या सुरुवातीचं दृश्य नव्यानं घडवून दाखवलं गेलं. आम्ही रीमेक करतोय, असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं. पण लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिथून पुढे 'रीमेक कधी?' हा प्रश्न स्क्वेअर एनिक्सची पाठ सोडेना. अखेर २०१५ च्या ई३ मध्ये घोषणा झाली आणि १० एप्रिल २०२० रोजी पहिला भाग आला. मधल्या काळात लोकांच्या मनात जे होतं त्याला 'अपेक्षा' हाच शब्द योग्य. काहीतरी दाखवलं गेलं होतं, म्हणून मागण्याचा हक्क वाटत होता. पुढे त्या रीमेकनं कथेलाच वेगळी वाट दिली, तेव्हा काही चाहते खूश झाले आणि काहींचा अपेक्षाभंग झाला. 'निराशा' म्हणून भागलं नसतं. तो अपेक्षाभंगच होता.

'क्रोनो ट्रिगर'च्या वाट्याला अशी झलकसुद्धा आलेली नाही. तो पुनःपुन्हा बाजारात आला हे खरं. १९९९ मध्ये प्लेस्टेशनवर, २००८ मध्ये निन्टेन्डो डीएसवर, नंतर मोबाइलवर, २०१८ मध्ये पीसीवर. पण या साऱ्या जुन्याच गेमच्या आवृत्त्या. पीसीवरची तर सुरुवातीला मोबाइलची उचलून ठेवल्यासारखी होती. चित्रं धुरकट, मेनू बोटानं दाबायचे असावेत तसे. चाहत्यांनी इतका आवाज उठवला, की कंपनीनं पुढचे काही महिने एकामागून एक दुरुस्त्या दिल्या. २०२५ मध्ये गेमला तीस वर्षं झाली, तेव्हा स्क्वेअर एनिक्सनं वर्षभरात वेगवेगळे उपक्रम करण्याचं जाहीर केलं. त्या घोषणेत रीमेक नव्हता.

चाहत्यांनी स्वतः हात घालून पाहिला, तोही अडवला गेला. 'क्रोनो रिसरेक्शन' या नावानं काही हौशी मंडळी गेममधले निवडक प्रसंग त्रिमितीत घडवत होती. २००४ मध्ये कंपनीचं कायदेशीर पत्र आलं आणि काम थांबलं. हक्क कंपनीचे आहेत, हे मान्य. तरी वाईट वाटायचं राहत नाही.

एवढं होऊनही लोक थांबलेत. माझ्या लेखी ही 'आस' आहे.

ती लागून राहायला कारणंही आहेत. १९९४ चा 'लाइव्ह अ लाइव्ह' हा गेम मूळ रूपात जपानबाहेर अधिकृतपणे कधी आलाच नव्हता. २०२२ मध्ये त्याचा देखणा रीमेक जगभर आला. त्याचे मूळ दिग्दर्शक ताकाशी तोकिता हे 'क्रोनो ट्रिगर'च्या तीन दिग्दर्शकांपैकी एक! शैली होती 'एचडी-टूडी', म्हणजे माणसं जुन्या पिक्सेलांचीच, पण भोवतालचं जग खोली असलेलं, पाण्यावर उजेड हलताना दिसणारं. १९८८ चा 'ड्रॅगन क्वेस्ट ३' हाही २०२४ मध्ये याच शैलीत परत आला. शेजारच्या दोन घरांत दिवे लागलेले बघून आपल्या घराकडे पुनःपुन्हा नजर जाते, तसं चाहत्यांचं झालंय.

आणि लेखात हेही घ्या, की लोकांना हवंय ते फक्त चकचकीत चित्रं नव्हेत. गेमच्या सुरुवातीला एक जत्रा आहे, इसवी सन १००० ची. खेळणारा तिथे हुंदडत असतो. एका मुलीशी टक्कर होते, तिचं पदक लांब जाऊन पडतं. तुम्ही आधी तिची विचारपूस करता की पदक उचलता? एका म्हाताऱ्याचा डबा बाकावर उघडा पडलाय. तो खाता की सोडून देता? एका लहान मुलीचं मांजर हरवलंय, ते शोधून देता का? यातल्या कशाचाही जाब त्या क्षणी कुणी विचारत नाही. नंतर राजकन्येला पळवल्याचा आळ येऊन तुमच्यावर खटला चालतो आणि भर दरबारात याच गोष्टी साक्षीला उभ्या राहतात. सात पंच एकेक करून कौल देतात. १९९५ मध्ये असं लिहिणं ही फार मोठी गोष्ट होती. रीमेकमध्ये हा डबा बाकावर तसाच राहावा, त्याच्यावर बाण किंवा चमकणारी खूण येऊ नये, अशी माझी फार मनापासूनची इच्छा आहे. खूण आली की त्या खटल्यातला जीवच जाईल.

लढाईबद्दलही तेच. इथे शत्रू त्याच वाटेवर, त्याच झाडाखाली समोर दिसतो आणि लढाई तिथेच सुरू होते. पडदा बदलत नाही. दोन-तीन पात्रं मिळून जोडीचे आणि तिघांचे वार करतात. हे मोडून निव्वळ बटणं बडवायची मारामारी केली तर नाव तेवढं उरेल.

संगीताला हात लावायचा तर जपून. यासुनोरी मित्सुदा यांचं हे पहिलं मोठं काम. ते करताना पोटाच्या अल्सरनं ते आजारी पडले आणि राहिलेली गाणी नोबुओ उएमात्सु यांनी पूर्ण केली.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रीमेकला परत आणता येणार नाही. तोरियामा १ मार्च २०२४ रोजी गेले. त्यांच्या हाताची नवी चित्रं आता होणार नाहीत. त्या दिवसापासून कित्येकांच्या आशेचा सूरच बदललाय. 'अजून काही नवं द्या' मागे पडून 'आहे ते नीट जपा' पुढे आलंय.

शब्दवेल्हाळ :
मग 'आस' पक्कं. 'अपेक्षा' हा शब्द लेखात 'फायनल फँटसी'च्या परिच्छेदापुरता ठेवा, तिथे तो चपखल बसतो. 'आशाळभूत' मात्र कुठेही नको. त्यात हिणवणं आहे, आणि ही माणसं हिणवण्याजोगी नाहीत.

आता तीन प्रकार. पुस्तकांच्या धंद्यातले शब्द इथे बऱ्यापैकी चालतात. पोर्ट म्हणजे जुनाच गेम नव्या यंत्रावर. त्याला 'पुनर्मुद्रण'च्या चालीवर काही करण्यापेक्षा सरळ 'पीसीवरची आवृत्ती' म्हणा. रीमास्टर म्हणजे 'सुधारित आवृत्ती' किंवा 'उजळ आवृत्ती'. रीमेकसाठी मला 'नवघडण' आवडतो.

आडवाट :
'नवघडण'ला माझा विरोध आहे. गेम खेळणारा एकही मराठी मुलगा असं म्हणत नाही. हिंदी-मराठी सिनेमामुळे 'रीमेक' आपल्याकडे कधीचा रुळलाय. 'सैराट'चा हिंदी रीमेक म्हटलं की आजीलाही कळतं. रुळलेला शब्द काढून त्या जागी घडवलेला शब्द बसवला तर वाचक अर्थाकडे न बघता शब्दाकडेच बघत राहतो.

शिवाय या क्षेत्रात सीमाच पक्क्या नाहीत. २००६ च्या 'ऑब्लिव्हियन' या गेमचं बघा. २२ एप्रिल २०२५ ला तो नव्यानं आला, नाव 'रीमास्टर्ड'. पण दृश्यं सगळी अनरिअल इंजिन ५ वर (इंजिन म्हणजे गेम ज्यावर चालतो ती यंत्रणा) नव्यानं उभारलेली, पात्राची पातळी वाढण्याची पद्धत बदललेली. खाली मात्र जुनंच इंजिन चालू, इतकं की जुन्या गमतीदार चुकाही बऱ्याचशा शाबूत. याला 'सुधारित आवृत्ती' म्हणाल तर कमी पडतं, 'नवघडण' म्हणाल तर खोटं ठरतं. शब्द इंग्रजीच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे काय बदललं, काय तसंच राहिलं ते दोन वाक्यांत सांगा.

पायवाट :
आडवाट यांच्याशी सहमत. भर एवढीच, की वर्णन करताना मराठी नाटकवाल्यांचा 'नव्या संचात' हा शब्दप्रयोग जरूर वापरा. संहिता तीच, कलाकार आणि नेपथ्य नवं, हे त्यात आपोआप येतं. 'लाइव्ह अ लाइव्ह'चा रीमेक अगदी असा आहे. 'फायनल फँटसी ७'ला मात्र तो लावू नका, तिथे संहिताच बदललीये.

निळीशाई :
खूप मदत झाली. उपशीर्षक आता 'तीस वर्षांची आस'. रीमेक, रीमास्टर तसेच ठेवतेय.

अजून एक विचारते. गेममध्ये बेडकाचं रूप मिळालेला एक योद्धा आहे, फ्रॉग. इंग्रजीत तो जुन्या दरबारी थाटात बोलतो. त्याचे संवाद मराठीत देताना बखरीसारखी भाषा वापरू का?

पायवाट :
तो थाट मूळचा नाही. १९९५ च्या इंग्रजी आवृत्तीत भाषांतरकार टेड वूल्सी यांनी तो दिला. जपानीत फ्रॉग साध्या, रांगड्या पुरुषी बोलीत बोलतो. २००८ च्या डीएस आवृत्तीत भाषांतर नव्यानं झालं, तेव्हा तो थाट काढून टाकला. त्यावरूनही चाहत्यांत दोन तट आहेत. जुन्या इंग्रजी आवृत्तीवर वाढलेल्यांना तो तसाच बोलायला हवाय. तुम्ही कुठल्या आवृत्तीतून उतारा घेताय ते आधी ठरवा. जुनी असेल तर बखरीचा बाज शोभेल, पण 'जाहला', 'केला असे' एवढ्यावरच थांबा. जपानीवरून घेत असाल तर 'मी', 'तू' अशी साधी रोखठोक भाषा ठेवा.

निळीशाई :
जुन्या इंग्रजीवरूनच घेतेय. आणि 'हा गेम' की 'ही गेम'? माझ्या मसुद्यात दोन्ही झालंय.

शब्दवेल्हाळ :
दोन्ही चालतात. खेळ पुल्लिंगी म्हणून 'हा गेम' म्हणणारे बरेच आहेत, आणि 'एक गेम झाली' म्हणणारेही कमी नाहीत. तुमच्या लेखात 'रीमेक' सतत येणार आणि तो पुल्लिंगीच वापरला जातो, तेव्हा 'हा गेम' ठेवलंत तर वाक्यं सलग वाटतील. 'आवृत्ती' मात्र स्त्रीलिंगी. 'पीसीवरची आवृत्ती आला' असं मसुद्यात कुठे राहिलं नाही ना, तेवढं बघा.