रोझुवा-फेनोची एकत्र गोळी: आकडा उतरतो, अटॅक टळतो का?

वाटसरू: काल इथे रोझुवास्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं, ‘स्टॅटिन’ गटातलं औषध) आणि फेनोफायब्रेट (ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी उतरवणारं) यांच्या एकत्र गोळीबद्दल कुणी लिहिलं, ‘एकाच गोळीत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही उतरतात, मग वाद कसला?’ रात्रभर डोक्यात तेच. 2010 च्या अकॉर्ड चाचणीत मधुमेहाच्या 5,518 रुग्णांना सिमवास्टॅटिन हे स्टॅटिन दिलं, त्यातल्या निम्म्यांना जोडीला फेनोफायब्रेट. अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू यांत म्हणावा असा फरक नाही. 2016 ला अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक) स्टॅटिनसोबत फेनोफायब्रिक अ‍ॅसिड (फेनोफायब्रेटचंच शरीरात काम करणारं रूप) द्यायची मान्यताच काढली. आपल्याकडे मात्र एकत्र गोळीची पट्टी सर्रास मिळते.

सांगलीकर: माझ्या भावाचं ट्रायग्लिसराइड 1,100. स्वादुपिंडाला सूज, नऊ दिवस आयसीयू. फेनोवर 300 ला आलं. त्याला काय चाचण्या वाचून दाखवू?

वाटसरू: 500 च्या वर स्वादुपिंड वाचवायला द्यावंच. मी 220 वाल्यांबद्दल बोलतोय.

मीरा_ठाणे: आईला 220 लाच दिली होती. चार महिन्यांत जिना चढवेना, मांड्या ठणकायच्या. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मीच हट्टाने सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) करून घेतलं, नेहमीच्या चौपट निघालं.

गावरान: गोळ्या सोडा, तेल बदला. घाण्याचं शेंगतेल खाऊन आमचे वडील 84 वर्षं जगले.

सांगलीकर: तेलाचा काय संबंध? ट्रायग्लिसराइड साखरेने, मैद्याने, दारूने चढतं. भाऊ रोज संध्याकाळी बसायचा.

गावरान: रिफाइंड आल्यापासूनच घरोघरी हे आजार आले!

मीरा_ठाणे: काका, घाण्याचं असो की रिफाइंड, ग्रॅमला नऊ कॅलरी. आमच्याकडे एकादशीला साबुदाणा, वर बटाटा, वर साखरेचा चहा. त्यावर कोण बोलणार?

गावरान: उपासावर घसरू नका. आईनं शिकवलंय ते सोडणार नाही.

सांगलीकर: मुद्द्यावर या. अकॉर्डमध्येच ट्रायग्लिसराइड 204 च्या वर आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 34 च्या आत होतं त्यांना फायदा दिसला. ते का गाळलंत?

वाटसरू: गाळलं, चूक माझी. पण तशाच रुग्णांवर पुढे प्रॉमिनंट नावाची चाचणी झाली, 2022. दहा हजारांवर माणसं, औषध पेमाफायब्रेट, फेनोच्याच गटातलं. ट्रायग्लिसराइड पाव हिश्शाने उतरलं, अटॅक तेवढेच.

सांगलीकर: मग स्टॅटिनला इझेटिमिब या कोलेस्टेरॉलच्या दुसऱ्या औषधाची जोडही वाईट म्हणा.

वाटसरू: नाही. त्या जोडीच्या इम्प्रूव्ह-इट चाचणीत 18,144 रुग्ण होते. सात वर्षांत अटॅक, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण 34.7 टक्क्यांचं 32.7 झालं. थोडं, पण खरं. तिथे एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरलं होतं.

सांगलीकर: ठीक. 220 ला नको, एवढं मानतो. भावाची गोळी बंद होणार नाही.

वाटसरू: करूच नका.

मीरा_ठाणे: आईची फेनो थांबवलीय, स्टॅटिनही तूर्त बंद. सोमवारी पुन्हा सीपीके.