मदत हवी आहे: वापर तोच, तरी लाइटबिल 214 युनिटवरून 318 वर. शोध कुठून सुरू करू? (सांगली)

कृष्णाकाठ
नमस्कार. विश्रामबागेत स्वतंत्र घर, तळमजला आणि वर गच्ची. माणसं चार, एसी नाही. गेल्या वर्षी डिसेंबर-जानेवारी-फेब्रुवारीचे युनिट 208, 219, 214 होते. यंदा त्याच महिन्यांचे 296, 311, 318. बिलातलं रीडिंग मीटरशी ताडून पाहिलं, जुळतंय. बिलाचे दिवसही 30-31 च आहेत.

घरातल्या वस्तू: गीझर 15 लिटर, 2000 वॉट, सहा वर्षांचा, पाणी बोअरचं. फ्रिज 250 लिटर फ्रॉस्ट-फ्री, अकरा वर्षांचा. इन्व्हर्टर, 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी, तिला पाच वर्षं झाली. एक एचपीची मोनोब्लॉक मोटर, हौदातून गच्चीवरच्या 1000 लिटरच्या टाकीत पाणी चढवते. टाकी पूर्वी 20 मिनिटांत भरायची, आता 40 लागतात. साधे पंखे चार, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, वायफाय. दिवे सगळे एलईडी.

घरात दोन मतं आहेत. एक म्हणतं फ्रिज बदला, दुसरं म्हणतं छतावर सोलर बसवा. दोन्हींत मोठी रक्कम जाणार, म्हणून आधी विचारते. आणि 300 युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, हे खरं का?

तारजोड
ताई, शेवटचं आधी. खरं नाही. पहिल्या 100 ला पहिला दर, 101 ते 300 ला दुसरा, आणि 300 च्या वर जेवढे गेले तेवढ्यांनाच तिसरा. तुमचे 318 असतील तर तिसरा दर फक्त 18 युनिटांना. पण यात एक फायदा आहे: वाचलेलं प्रत्येक युनिट सगळ्यात महागड्या टोकाकडून कमी होतं.

आता शोध. काहीही विकत घेऊ नका, आधी मीटरला विचारा. मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी 3200 किंवा 1600 असा आकडा छापलेला असतो. एका युनिटला दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. 3200 असेल तर दहा लुकलुकण्यांना किती सेकंद लागले ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि 11250 ला त्या सेकंदांनी भागा. येईल तो घरात त्या क्षणी चालू असलेला लोड, वॉटमध्ये. 1600 चं मीटर असेल तर 22500 ला भागा. मोजणी सुरू करताना पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणा, एक नाही. इथे बरेच जण चुकतात आणि आकडा फुगतो.

क्रम असा ठेवा:
पहिल्यांदा मीटरनंतरचे सगळे एमसीबी (बोर्डवरचे खटक्याचे स्विच) खाली करा आणि पाच मिनिटं थांबा. एकदाही लुकलुकायला नको. लुकलुकला तर मीटर किंवा मीटर ते बोर्ड ही लाइन संशयित, तिथेच थांबून तक्रार द्यायची.
मग एमसीबी वर करा, पण सगळी बटणं बंद, फ्रिज-टीव्ही-वायफायचे प्लग बाहेर. मोजा. शून्य यायला हवं. आलं नाही तर एक-एक एमसीबी खाली करत जा, कुठल्या एमसीबीला दिवा थांबतो ते लिहून ठेवा.
शेवटी फ्रिज एकटा चालू करून मोजा, आणि तासाभरात कॉम्प्रेसर किती मिनिटं चालतो तेही बघा.

आणखी एक: 2019 च्या पुरात घरात पाणी शिरलं होतं का? गावभाग, सांगलीवाडी इकडच्या घरांत भिंतीतले पाइप भरले होते. वायर वरून कोरडी दिसते, पण जोड आत गंजत राहतात. अशा घरात लाइन बंद ठेवून, सगळ्या वस्तू सोडवून 500 व्होल्टच्या मेगरने (वायरच्या आवरणातून करंट गळतो का ते मोजणारं यंत्र) इन्सुलेशन बघावं. एक मेगओहमच्या खाली आलं तर तेवढी लाइन बदलायची.

वारणाकाठ
गीझरचा हिशोब आधीच करून ठेवा, म्हणजे पुढे गोंधळ नको. 20 लिटरची बादली 20 अंशांवरून 40 ला न्यायला साधारण 0.46 युनिट लागतं. चार माणसं, चार बादल्या, वर टाकीतून निघून जाणारी उष्णता धरली तर दिवसाला दोन-सव्वादोन युनिट. महिन्याला 60-65. हा खर्च गेल्या हिवाळ्यातही होताच, म्हणून तो वाढीत मोजू नका.

एक गैरसमज. "एलिमेंटवर क्षार चढले म्हणून गीझर जास्त युनिट खातो" असं सर्रास सांगतात. एलिमेंटची उष्णता क्षारांच्या थरातून का होईना, पाण्यातच जाते, तिला दुसरी वाट नाही. नुकसान वेगळं होतं: थराखाली एलिमेंटची नळी फार तापते, तडकते, आणि मग करंट पाण्यात उतरायला लागतो. तुमच्या बोअरच्या पाण्याला हे लवकर होतं. थर्मोस्टॅटची खूण 75 वर असेल तर 55 ते 60 वर आणा.

कृष्णाकाठ
घरात पुराचं पाणी आलं नव्हतं. मीटर 3200 चं आहे. काल रात्री साडेदहाला मोजलं.

सगळे एमसीबी खाली: पाच मिनिटांत एकदाही नाही.
एमसीबी वर, बटणं बंद, प्लग बाहेर, पण इन्व्हर्टर चालू राहिला होता: दहाला 141 सेकंद.
इन्व्हर्टरचा प्लगही काढला: दहाला 450 सेकंद. दिवा थांबतच नव्हता. बाथरूमचा एमसीबी खाली केल्यावर थांबला.
फ्रिज एकटा (बाथरूमचा एमसीबी खालीच ठेवून): 75 सेकंद. तासात 45 मिनिटं चालला.

मीटरवर आणखी एक छोटा दिवा सतत पेटलेला असतो, त्याखाली अर्थची खूण आहे. आणि गीझरचं बटण रात्रभर बंद असूनही सकाळी नळाला पहिलं पाणी कोमट येतं. टाकीतली ऊब उरते असं वाटत होतं.

तारजोड
ताई, हे वाचल्यावर पहिलं काम: बाथरूमचा एमसीबी खालीच राहू द्या. अंघोळीचं पाणी तूर्त गॅसवर. पैशाचं नंतर बघू, हा जिवाचा प्रश्न आहे.

450 सेकंद म्हणजे 25 वॉट. गीझरचं बटण बंद असताना त्याच्या लाइनवर 25 वॉट जातायत, अर्थचा दिवा पेटलाय, पाणी कोमट येतंय. तिन्ही खुणा एकाच जागी बोट दाखवतात. एलिमेंट तडकलंय आणि बटण फेजऐवजी (करंट आणणारी वायर) न्यूट्रलवर (परतीची वायर) बसवलंय. त्यामुळे बटण बंद केलं तरी फेज एलिमेंटपर्यंत पोचलेलीच असते, आणि तडकलेल्या जागेतून करंट पाण्यात, तिथून टाकीच्या पत्र्यातून अर्थला जातो. 230 व्होल्टला हा करंट 109 मिलिअँपिअर येतो. माणसाला धोका 30 च्या पुढे मानतात. तुमची अर्थिंग शाबूत आहे म्हणून आजवर झटका बसला नाही. ती वायर तुटली असती तर सगळा करंट नळाला आला असता. अर्थचा दिवा पेटतो तो फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येत नाही म्हणून.

लायसन्सवाला वायरमन बोलवा आणि ही कामं सांगा. तो प्लग काढून एलिमेंटचं टोक आणि गीझरचा पत्रा यांच्यात मेगर लावेल. एलिमेंट खराब निघालं की एलिमेंट, त्याचा रबरी गॅस्केट आणि मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी कांडी) तिन्ही एकदम बदला. अॅनोड झिजून तारेवर आला असेल, बोअरच्या पाण्यात वर्ष-दोन वर्षांत संपतो. साधं बटण काढून डीपी स्विच लावा, तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. मेन बोर्डवर 40 अँपिअर, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवा. ती पहिल्याच दिवशी पडायला लागली तर वायरमन "आरसीसीबी खराब आहे" म्हणून काढून टाकेल. काढू देऊ नका, कुठेतरी गळती उरलीय असा तिचा अर्थ.

या गळतीचे युनिट महिन्याला 18.

इन्व्हर्टर: 141 सेकंदांचे 80 वॉट, त्यातून गळतीचे 25 वजा केले की 55. मोजण्याआधी लाइट गेली होती का? गेली असेल तर बॅटरी भरत असणार, मग हा आकडा धरता येणार नाही.

कृष्णाकाठ
वाचल्या वाचल्या एमसीबी खाली केला, उद्या वायरमन येतोय. मोजण्याआधी दोन दिवस लाइट गेली नव्हती. बॅटरीत दर महिन्याला पाणी घालावं लागतं आणि ती हाताला गरम लागते.

तारजोड
मग बॅटरीच. पूर्ण भरलेल्या चांगल्या बॅटरीवर हा आकडा साधारण 20-25 वॉटला येतो. तुमची भरतच नाही, चार्जर दिवसरात्र करंट ढकलतोय आणि तो पाण्याचा वायू करण्यात जातोय. हायड्रोमीटरने (आतल्या अॅसिडची घनता मोजणारी नळी) सहाही सेल बघा. भरलेल्या सेलला 1.240 च्या आसपास यायला हवं. पाच सेल ठीक आणि एक 1.150 ला अडकला असेल तर तो सेल मेला. डिस्टिल्ड वॉटर ओतून तो परत उठत नाही. जादा खर्च महिन्याला 20-25 युनिट.

माहेर_तासगाव
फ्रिजवर बोलते, कारण बदलायची घाई दिसतेय. 150 वॉट, तासाला 45 मिनिटं, म्हणजे दिवसाला 2.7 युनिट आणि महिन्याला 81. थंडीच्या रात्री, दार बंद असताना, अर्धा तास पुरायला हवा. तो 54 युनिटांचा हिशोब झाला. 27 जास्त जातायत, पण दोष दाराच्या रबरी पट्टीचा, म्हणजे गॅस्केटचाही असू शकतो.

वहीचा कागद दाराच्या फटीत धरून दार लावा आणि कागद ओढा. अडखळत निघाला तर ठीक, सरकन आला तर तिथून थंडावा जातोय. चारी बाजूंनी दर वीतभर अंतरावर करा. बिजागरीच्या बाजूला हमखास सुटलेलं असतं, आणि लोक तीच बाजू बघत नाहीत. गॅस्केटच्या घड्यांत दूध-सरबताचा चिकटा बसतो, तो कोमट साबणपाण्याने, जुन्या टूथब्रशने काढा. आकार बिघडला असेल तर हेअर ड्रायरची गरम हवा देऊन बोटाने बाहेर ओढा आणि दार तासभर लावून ठेवा. नाही जमलं तर मॉडेल नंबर सांगून नवी गॅस्केट मिळते.

दुसरी शक्यता: फ्रीझरच्या मागच्या भिंतीवर बर्फाचा थर आहे आणि खालचा कप्पा नीट गार होत नाही का? असेल तर डीफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर किंवा टायमर गेलाय. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ दिसायलाच नको. हेही दुरुस्त होतं. कॉम्प्रेसर गेला तरच नव्याचा विचार.

वारणाकाठ
मोटरचं राहिलं. एक एचपी मोटर चालताना 1100 वॉट घेते. टाकी रोज एकदा भरली तर 20 मिनिटं जास्त, म्हणजे महिन्याला 11 युनिट. कारण बहुतेक सक्शनला (हौदातून पाणी ओढणाऱ्या पाइपाला) हवा ओढतेय. टाकीच्या तोंडाशी पाणी फसफसत, थांबून-थांबून येतंय का बघा. येत असेल तर सक्शनचे आटे सोडून टेफ्लॉन टेप नव्याने गुंडाळा आणि फुटव्हॉल्व्हचा (त्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) वॉशर बदला. धार सलग पण बारीक असेल तर इम्पेलर (मोटरीतलं पाणी फेकणारं चाक) झिजलाय. मोटर सुरू होताना घुरघुरत असेल तर कपॅसिटर.

ऊनसावली
सोलर वाईट नाही, फक्त क्रम बदला. आत्ताच्या 318 वर माप घेतलंत तर 3 किलोवॉट सांगतील. एक किलोवॉट दिवसाला सरासरी 4 युनिट देतं. गळती बंद होऊन वापर 220 वर आला की 2 किलोवॉट पुरेल, त्याला सावली नसलेली दोनशे चौरस फूट गच्ची लागेल. पीएम सूर्यघर योजनेत 2 किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे 30,000 अनुदान आहे, 3 आणि त्यापुढे एकूण 78,000. सकाळी नऊ आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची आणि शेजारच्या नारळाची सावली कुठवर येते ते खडूने आखून ठेवा, तेही डिसेंबरातली सावली जास्त लांब पडते हे धरून.

उन्हाळ्याआधी झोपायच्या खोलीतला पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) करून घ्या. 75 वॉटच्या जागी 30. बारा तास चालला तर महिन्याला 16 युनिट वाचतात. सगळे चार एकदम बदलायची गरज नाही, दिवसातून तासभर चालणाऱ्याला पैसे घालू नका.

कृष्णाकाठ
काम झालं. एलिमेंटच्या नळीला वळणावर उभी चीर होती, आत पांढरा क्षार भरलेला. बटण खरंच न्यूट्रलवर होतं. एलिमेंट, अॅनोड, डीपी स्विच, आरसीसीबी बसली. बॅटरीत चौथा सेल 1.140, बाकीचे 1.210 च्या पुढे. नवी बॅटरी उद्या येईल, तोवर इन्व्हर्टर बंद ठेवलाय. फ्रिजला वरच्या बिजागरीपाशी कागद सरकन निघाला, गॅस्केट मागवली आहे. आत्ता सगळं बंद करून दहा मिनिटं मीटरसमोर उभी होते, दिवा एकदाही लुकलुकला नाही. अर्थचा दिवाही विझलाय. आरसीसीबीचं वेगळं काही करावं लागतं का?

तारजोड
तिच्यावर "टी" लिहिलेलं छोटं बटण आहे. महिन्यातून एकदा, मीटरचं रीडिंग लिहाल त्या दिवशी दाबा. खटका लगेच पडायला हवा. नाही पडला तर त्याच दिवशी बदलून घ्या.