सोरायसिसमध्ये पळणं चालू ठेवावं का?

प्रश्न: पळायला लागल्यापासून कमरेच्या इलॅस्टिकखाली नवे चट्टे उठलेत. पण पळणं सोडवत नाही, मन त्यानेच थाऱ्यावर राहतं. काय करू?

उत्तर: सोडू नका! कातडी घासली जाते तिथे नवा चट्टा उठतो, त्याला कोबनर परिणाम म्हणतात. सैल कपडे घाला, घासणाऱ्या जागी आधी व्हॅसलीन लावा. नंतर लगेच कोमट पाण्याने अंघोळ, मग मॉइश्चरायझर. जास्तीचं वजन उतरलं तर औषधंही बरी लागू पडतात.

दुसरं उत्तर: सकाळी टाचा किंवा बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडतात का? माझ्या आखडायच्या, सोरायसिसचाच संधिवात निघाला. आता पोहते.

प्रश्नकर्ती: टाचा आखडतात खऱ्या. डॉक्टरांना दाखवते. पोहायलाही आवडेल, पण लोक बघतात हो.

दुसरं उत्तर: बघू देत. हा संसर्गाने पसरत नाही, विचारलं तर तेवढंच सांगते. बाहेर आल्यावर क्लोरीन मात्र लगेच धुवा.