प्रतिसाद: परदेशी वर्तुळाबाहेरचा एक बेल्जियन

चीनमध्ये कितीही वर्षे राहिले तरी युरोपीय माणूस आपल्याच वर्तुळात राहतो, हे वरचे मत मला सरसकट पटत नाही. १८७७ साली गेंट येथे जन्मलेले बेल्जियन धर्मगुरू व्हिन्सेंट लेब १९०१ मध्ये चीनला पोहोचले आणि चिनी पोशाख, पाठीवर रुळणारी वेणी व अस्खलित चिनी भाषा यांसह तिथल्या लोकांत मिसळून गेले. ‘लेई मिंगयुआन’, म्हणजे दूरवर घुमणारी मेघगर्जना, हे त्यांचे चिनी नाव होते. तिआनजिनमध्ये त्यांनी १९१५ साली ‘यीशी बाओ’ हे चिनी वृत्तपत्र सुरू केले. पुढच्याच वर्षी तिथल्या फ्रेंच वसाहतीच्या विस्ताराला चिनी नागरिकांनी विरोध केला, तेव्हा ते त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि मला हेच त्यांचे सर्वांत मोठे धाडस वाटते. पुढे त्यांनी चीनचे नागरिकत्वही घेतले.